एका भिंतीचा हिशेब : मार्स, शिकागो, १९६४

डिसेंबर १९६४. शिकागोच्या पश्चिम टोकाला ओक पार्क अव्हेन्यूवर एक कारखाना आहे. बाहेरून पाहिलं तर तो एखाद्या स्पॅनिश मठासारखा दिसतो. १९२९ साली गोल्फ क्लबच्या जागेवर तो उभा राहिला. स्निकर्स आणि मिल्की वे इथेच तयार होतात. वरच्या मजल्यावर लाकडी तावदानं लावलेल्या केबिन आहेत. साहेब लोकांसाठी वेगळं जेवणघर आहे, त्यात फ्रेंच आचारी आहे, आणि कंपनीचं स्वतःचं हेलिकॉप्टरसुद्धा आहे. धंदा बरा चाललेला आहे. मार्स या चॉकलेट कंपनीच्या या वास्तूत साठ वर्षांचा नवा मालक, फॉरेस्ट मार्स, पाऊल टाकतो. तो संस्थापकाचा मुलगा असला तरी तीसेक वर्षं या कंपनीबाहेर राहिलेला आहे.

काही आठवड्यांतच केबिनच्या भिंती पडल्या. जेवणघर बंद झालं, हेलिकॉप्टर विकलं गेलं. दारात पंचिंगचं घड्याळ लागलं आणि वरपासून खालपर्यंत सगळ्यांनी कार्ड पंच करायचं ठरलं. त्याच दमात पगार सुमारे ३० टक्क्यांनी वाढले.

मार्स कंपनीत काम करायचं असेल, तिला माल पुरवायचा असेल किंवा तिचा अभ्यास करायचा असेल, तर आधी हा प्रसंग नीट समजून घ्यावा असं आम्हाला वाटतं. बहुतेक लेखांत या भिंतींची गोष्ट ‘समतेची संस्कृती’ म्हणून येते. समता त्यात आहेच, पण भिंत पाडण्यामागे एक गणित होतं आणि तेच गणित पंचिंगच्या घड्याळामागे, पगारवाढीमागे, पुढे कुत्र्या-मांजरांच्या खाद्यामागेही होतं.

हा माणूस इथवर कसा आला

फ्रँक मार्स यांनी १९११ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या टॅकोमा इथे घरच्या स्वयंपाकघरात मिठाई बनवून विकायला सुरुवात केली. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे ते बराच काळ घरीच असत, आणि चॉकलेटात हाताने बुडवलेल्या गोळ्या करायला ते आईकडून शिकले होते. पुढे मिनियापोलिसमध्ये १९२३ साली मिल्की वे आला. १९३० साली घरच्या एका घोड्याच्या नावावरून स्निकर्स आला. त्यांचा मुलगा फॉरेस्ट येल विद्यापीठातून औद्योगिक अभियांत्रिकी शिकून आला होता. बापलेकांचं पटलं नाही. १९३२ च्या सुमारास ५०,००० डॉलर आणि मिल्की वेचे परदेशी हक्क घेऊन फॉरेस्ट युरोपात गेला आणि लंडनजवळच्या स्लाऊ गावात त्याने मार्स बार सुरू केला. वरचं चॉकलेट सुरुवातीला तो कॅडबरीकडून विकत घेत होता.

पुढची तीस वर्षं हा माणूस वडिलांच्या कंपनीबाहेर स्वतःचं साम्राज्य उभारत राहिला. १९३५ च्या सुमारास त्याने चॅपेल ब्रदर्स ही कुत्र्यांचं डबाबंद खाद्य बनवणारी छोटी ब्रिटिश कंपनी घेतली. तेव्हा इंग्लंडात कुत्र्याला घरातलं उरलंसुरलं घालत, त्यामुळे या धंद्यात स्पर्धा जवळपास नव्हतीच. अमेरिकेत परतून १९४१ मध्ये त्याने ब्रूस मरी या भागीदारासोबत एम अँड एम्स या चॉकलेट गोळ्या काढल्या. हा भागीदार हर्शी कंपनीच्या अध्यक्षांचा मुलगा होता. त्यानंतर उकडा तांदूळ पाकिटबंद करून विकायचा धंदा आला. १९३४ साली वडील वारल्यावर शिकागोची कंपनी सावत्र नातलगांच्या हातात गेली होती. ती ताब्यात यायला १९६४ साल उजाडलं.

म्हणजे त्या डिसेंबरात आत आलेला माणूस नवखा वारस नव्हता. युरोपात आणि अमेरिकेत नाना प्रकारचे कारखाने चालवून त्याची हिशेबाची पद्धत पक्की झाली होती. शिकागोत त्याने नवीन काही शोधून काढलं नाही. बाहेर चाललेलं होतं तेच आत आणलं.

गणित : एकूण मत्तेवरचा परतावा

मार्समध्ये ज्या गुणोत्तराभोवती सगळं फिरत आलं ते असं : नफा भागिले एकूण मत्ता. जमीन, इमारत, यंत्रं, गोदामातला माल, बाजारातली उधारी हे सगळं छेदात धरायचं. एवढ्यात नवल काही नाही, कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला हे शिकवतात. खरी मेख पुढे आहे. यंत्राची किंमत ताळेबंदातल्या घसारा (झिजेपोटी दरवर्षी कमी केली जाणारी किंमत) वजा केलेल्या आकड्याने धरायची नाही. तेच यंत्र आज नव्याने घ्यायचं तर काय पडेल, त्या किमतीने धरायची.

फरक कळण्यासाठी एक उदाहरण घेऊ. आकडे फक्त समजावण्यापुरते आहेत.

समजा एका लाईनवरची यंत्रं २० कोटींना घेतली होती. १६ कोटींचा घसारा जाऊन पुस्तकी किंमत ४ कोटी उरली आहे. माल आणि उधारी मिळून ६ कोटी अडकलेत. वर्षाचा नफा ६ कोटी आहे. पुस्तकी हिशेबाने परतावा निघतो ६ भागिले १०, म्हणजे ६० टक्के. मॅनेजर खूश, मुख्यालय खूश. आता कोणी म्हणालं की ४० कोटींची नवी लाईन घ्या, वेग वाढेल, वाया जाणारा माल कमी होईल, नफा ८ कोटींवर जाईल. पुस्तकी हिशेबाने नवा परतावा ८ भागिले ४६, म्हणजे जेमतेम १७ टक्के. साठावरून सतरावर उडी कोण मारेल? मॅनेजर जुनं यंत्र तारा बांधून चालवत राहील, आणि त्याची बढतीही होईल.

आता बदलीच्या किमतीने मांडा. जुनी लाईन आज नव्याने घ्यायची तर ४० कोटी. ६ कोटी चालू मत्ता धरून छेद ४६ कोटी. परतावा ६ भागिले ४६, म्हणजे १३ टक्के. नवी लाईन घेतली तर छेद तोच राहतो आणि परतावा १७.४ टक्के होतो. जुनं यंत्र दामटून खोटी कामगिरी दाखवायची सोयच उरत नाही. पंधरा वर्षं जुना कारखाना आणि कालचा कारखाना एकाच तराजूत बसतात.

आता छेदाकडे बघा. वरच्याच उदाहरणात नव्या लाईनचा ८ कोटींचा नफा न वाढवता गोदामातला १ कोटीचा माल कमी केला, तर ८ भागिले ४५, म्हणजे १७.८ टक्के. छेद न हलवता एवढा परतावा आणायचा तर जवळजवळ १८ लाख रुपये जास्त कमवावे लागतील. हे एकदा डोक्यात बसलं की कारखान्याकडे पाहायची नजर बदलते. रात्री बंद असलेलं यंत्र, रिकामी पडलेली कोल्ड रूम, किराणा दुकानात चॉकलेटसाठी ठेवलेला पण भलत्याच बाटल्यांनी भरलेला कंपनीचा छोटा फ्रिज, हे सगळं छेदात बसून राहतं आणि अंशात काही टाकत नाही. अशा कंपन्यांचे कारखाने तिन्ही पाळ्यांत चालवण्याचा आग्रह इथूनच येतो.

शिकागोची तावदानं, जेवणघर आणि हेलिकॉप्टर या नजरेने पाहिली की निर्णयात राग-लोभ उरत नाही. ती छेदातली मत्ता होती आणि तिने एकही बार जास्त विकला जात नव्हता. भिंतीचा तोटा आणखी एक होता. भिंतीआडच्या माणसाला बातमी उशिरा कळते. म्हणून अधिकारी मधोमध आणि त्यांच्या विभागाचे लोक भोवती, अशी चाकाच्या आऱ्यांसारखी मोकळी बैठक आली. दाराबाहेर ताटकळण्यापेक्षा मान वळवून विचारलं की काम होतं.

घड्याळ आणि दहा टक्के

पंचिंगच्या घड्याळाबद्दल फार वरवर बोललं जातं. नियम असा होता : ज्या दिवशी वेळेवर पंच केलं, त्या दिवसाच्या पगारावर १० टक्के जास्त. अध्यक्षालाही हाच नियम. अनेक दशकं तो चालला.

आपल्याकडच्या कारखान्यांतल्या हजेरी भत्त्याशी याची तुलना करा. तो बहुतेक ठिकाणी महिन्याचा असतो : महिनाभर खाडा नाही, लेटमार्क नाही, तर अमुक रुपये. ४ तारखेला बस चुकली आणि लेटमार्क लागला की भत्ता गेला. मग ५ ते ३० तारखेपर्यंत वेळेवर यायला कारणच उरत नाही. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात पहिल्या पाळीची रया का जाते, हे सुपरवायझरला पाठ असतं. रोजचा हिशेब असला की तसं होत नाही. ८०० रुपये रोज असलेल्या माणसाला ८० रुपये. आज गेले तर उद्याचे अजून हातात आहेत. २६ दिवस साधले तर २,०८० रुपये. शिक्षा लहान, संधी रोज नवी.

चॉकलेटच्या लाईनवर वेळ का मोलाची, तेही जवळून बघायला हवं. स्निकर्ससारख्या बारमध्ये आधी नूगाचा थर येतो. साखरेचा पाक प्रथिनाबरोबर घोटून त्यात हवा धरलेली असते. (मूळ पाककृतीत अंड्याचा पांढरा भाग असतो. भारतात हिरव्या ठिपक्याचा, बिनअंड्याचा बार मिळतो.) त्यावर कॅरमेल आणि शेंगदाण्याचा थर पसरतो. ही लांबरुंद लादी थंड होत पट्ट्यावरून सरकते, तिच्या उभ्या पट्ट्या कापल्या जातात, मग आडवी सुरी बार पाडते. बार जाळीवरून चॉकलेटच्या पडद्याखालून जातात, थंड बोगद्यातून बाहेर येतात आणि रॅपिंग मशीनमध्ये शिरतात. मध्ये कुठेही थांबायची सोय नाही. रॅपिंगवरचा माणूस दहा मिनिटं उशिरा आला, तर मागे कॅरमेल घट्ट होत जातं, कापताना तार सुटते, आणि टेम्पर केलेलं (ठराविक तापमानाला आणून तयार केलेलं) चॉकलेट जास्त वेळ फिरत राहून दाटतं. दाटलेलं चॉकलेट बारवर जाड बसतं, वजन वाढतं. ५० ग्रॅमच्या बारवर अर्धा ग्रॅम जास्त म्हणजे १ टक्का. दिवसाला १० लाख बार निघत असतील तर ५०० किलो माल फुकट वाटला. हा तोटा कुठल्याही बिलात दिसत नाही. तो फक्त अंशातून गळतो.

पगारवाढही याच हिशेबातली. कमी माणसं, जास्त पगार, जास्त जबाबदारी. पगार बाजारापेक्षा वरचा ठेवला की अनुभवी ऑपरेटर टिकतो, आणि अशा लाईनवर टिकलेला ऑपरेटर यंत्राइतकाच महाग असतो. पदांच्या पायऱ्याही मोजक्याच ठेवल्या. तिथे ‘एम्प्लॉयी’ हा शब्द वापरत नाहीत, ‘असोसिएट’ म्हणतात, आणि सगळे एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारतात.

आपल्याकडच्या माणसाला या शेवटच्या गोष्टीचा त्रास होतो, आणि तो खरा त्रास आहे. दुसऱ्या कंपनीत पंधरा वर्षं ‘साहेब’, ‘सर’ म्हटलेल्या जिभेला प्लँट हेडला एकेरी नावाने बोलावणं जमत नाही. कोणी ‘अमुक भाऊ’वर येऊन थांबतं, कोणी नाव टाळूनच बोलतं. त्यात काही बिघडत नाही. बिघडतं ते नाव घ्यायला शिकूनही तापमान चुकल्याचं सांगायला दोन तास लावल्यावर. मोकळी बैठक आणि पहिलं नाव हे सगळं ते दोन तास वाचवण्यासाठी आहे.

गोळी आणि कुत्र्याचं खाद्य एका छताखाली का

चॉकलेटवाल्याने कुत्र्याचं खाद्य का करावं, हा प्रश्न प्रत्येक नवशिका विचारतो. सरळ उत्तर असं की फॉरेस्टला १९३५ मध्ये रिकामी बाजारपेठ दिसली. पण नव्वद वर्षं तो धंदा वाढत का गेला, याचं उत्तर कारखान्यात सापडतं.

कोरडं खाद्य एक्सट्रूडरमधून (पीठ दाबून साच्यातून बाहेर काढणारं यंत्र) दाब आणि उष्णतेखाली बाहेर पडतं तेव्हा त्यात २० ते २५ टक्के ओलावा असतो. ड्रायरमधून ते १० टक्क्यांच्या खाली आणायचं. जास्त ओलं राहिलं तर पोत्यात बुरशी. जास्त वाळलं तर टनामागे प्रत्येक टक्क्याला १० किलो वजन हवेत जातं, शिवाय गॅस जळतो तो वेगळा. अर्धा ग्रॅम चॉकलेटचा आणि एक टक्का ओलाव्याचा हिशेब एकच आहे. दोन्हीकडे महाग यंत्रं सतत चालवायची, मोजमाप घट्ट ठेवायचं, छोट्या पाकिटात रोज लागणारी वस्तू विकायची. एका धंद्यात तयार झालेला प्रॉडक्शन मॅनेजर दुसऱ्यात चालतो. मार्समध्ये चॉकलेटकडून पेटफूडला आणि परत अशा बदल्या सर्रास होतात.

२०२४ पर्यंत पाळीव प्राण्यांचा विभाग कंपनीच्या निम्म्याहून जास्त विक्रीचा धनी झाला होता. पेडिग्री आणि व्हिस्कास हे कुत्र्या-मांजरांच्या खाद्याचे ब्रँड तर आहेतच. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत रॉयल कॅनिन ही पेटफूडची कंपनी आली. २०१७ मध्ये ९.१ अब्ज डॉलर मोजून व्हीसीए ही जनावरांच्या दवाखान्यांची साखळी घेतली. जगभरातल्या दीड लाखाहून जास्त असोसिएट्सपैकी मोठा भाग आता पशुवैद्यकीय दवाखान्यांत काम करतो. ‘चॉकलेटची कंपनी’ समजून अर्ज करणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं. भारतातही तसंच : तेलंगणात पेटफूडचा कारखाना आहे, पुण्याजवळ खेडला चॉकलेटचा. आपल्या लहानपणीचा बूमर बबलगम रिग्ली या च्युइंगम कंपनीबरोबर या घरात आला.

गणित कुठे ताणलं गेलं

१९८३ मध्ये कंपनीने पाच तत्त्वं छापील रूपात मांडली : गुणवत्ता, जबाबदारी, परस्परहित, कार्यक्षमता आणि स्वातंत्र्य. परस्परहिताचा विचार फॉरेस्टने १९४७ मध्येच लिहून ठेवला होता : ग्राहक, पुरवठादार, कामगार, वितरक, भागधारक या सगळ्यांचं भलं होईल असा धंदा. स्वातंत्र्य म्हणजे दुसऱ्याच्या पैशापासून स्वातंत्र्य. शेअर बाजारात जायचं नाही, नफ्याचा मोठा हिस्सा धंद्यातच घालायचा. वर सांगितलेला छेद या पाच तत्त्वांपैकी कार्यक्षमतेचं नेमकं माप देतो. बाकीच्या चारांचं इतकं नेमकं माप नाही, आणि अडचण तिथेच सुरू होते.

२००८ साल घ्या. एप्रिलमध्ये मार्सने रिग्ली ही च्युइंगमची कंपनी सुमारे २३ अब्ज डॉलरला घ्यायचं जाहीर केलं. कर्ज आणि बाहेरचा पैसा घ्यावा लागला. त्यात वॉरन बफे यांच्या बर्कशायर हॅथवे या गुंतवणूक कंपनीचा साडेसहा अब्जांच्या आसपासचा वाटा होता. ऑक्टोबरमध्ये, जग आर्थिक संकटात गटांगळ्या खात असताना व्यवहार पूर्ण झाला. दुसऱ्याच्या पैशापासून दूर राहण्याचं तत्त्व सांगणाऱ्या घराने एवढा पाहुणा पैसा आत घेतला, ही साधी गोष्ट नव्हती. बर्कशायरचा हिस्सा परत विकत घेऊन रिग्ली पूर्ण आपली करायला आणि मग चॉकलेट व च्युइंगम एका विभागात जोडायला २०१६ उजाडलं. आठ वर्षं. बाजारात नोंदलेल्या कंपनीत एवढा धीर फार क्वचित मिळतो. २०२४ मध्ये प्रिंगल्स चिप्सवाली केलानोव्हा ३५.९ अब्ज डॉलरला घ्यायचं जाहीर झालं, तेव्हा तोच प्रश्न आणखी मोठ्या आकड्यासह परत आला.

२०१६ चंच दुसरं उदाहरण गुणवत्तेचं. जानेवारीत जर्मनीतल्या एका ग्राहकाला स्निकर्समध्ये लाल प्लास्टिकचा तुकडा सापडला. माग काढता तो नेदरलँड्समधल्या वेखल इथल्या कारखान्यातला निघाला. यंत्रावरच्या संरक्षक आवरणाचा तुकडा होता. फेब्रुवारीत ५५ देशांतून माल परत मागवला गेला : मार्स, स्निकर्स, मिल्की वे मिनीज, सेलिब्रेशन्स. आवरण कधी फुटलं याचा मिनिट कळत नसतो. म्हणून शेवटची खात्रीशीर तपासणी ते बिघाड दूर झाल्याची खात्री, या मधला सगळा माल संशयित धरावा लागतो. इथे ती खिडकी डिसेंबरच्या सुरुवातीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंतची होती. यंत्रावरच्या प्लास्टिकच्या भागांची पाळीगणिक तपासणी आणि तिची सही जितकी पक्की, तितकी ही खिडकी लहान. जो फोरमन वेळ वाचवायला न बघताच सही ठोकतो, तो मिनिटं वाचवतो आणि आठवडे गमावतो. धातू पकडणारं यंत्र प्लास्टिक पकडत नाही, हेही लाईनवरच्या प्रत्येकाला माहीत हवं.

छेद फार पिळला तर काय होतं, ते शेंगदाण्यात दिसतं. दाणा आला की अफ्लाटॉक्सिनची (बुरशीतून येणारं विष) तपासणी होऊन अहवाल येईपर्यंत तो रोखून ठेवायचा. साठा कमी दाखवण्याच्या नादात हा राखीव माल चार दिवसांवर आणला आणि प्रयोगशाळेला पाचवा दिवस लागला, तर लाईन उपाशी राहते किंवा अहवालाआधी माल सोडायचा दबाव येतो. दुसरी गोष्ट घडणं परवडणारं नाही. साठ्याची पातळी सरासरी दिवसांवर ठरवू नये. अहवालाला लागलेल्या सगळ्यात जास्त दिवसांवर ठरवावी.

आणि कोको. परस्परहिताचा खरा कस इथे लागतो, आणि आम्हाला वाटतं इथे मार्ससकट सगळा उद्योग कमी पडला. २००१ मध्ये मोठ्या चॉकलेट कंपन्यांनी कोको शेतीतली बालमजुरीची सर्वात वाईट रूपं २००५ पर्यंत संपवायचा करार केला. मुदत टळली, मग पुढे ढकलली गेली. २०१८-१९ च्या हंगामात आयव्हरी कोस्ट आणि घाना इथे कोकोच्या कामात सुमारे १५.६ लाख मुलं असल्याचं शिकागो विद्यापीठाच्या संशोधन संस्थेने मोजलं. कोकोची शेतं कंपनीच्या छेदात बसत नाहीत, म्हणून तिथली दुरवस्था गुणोत्तरात उमटत नाही. २००० च्या दशकात फॉरेस्टचे चिरंजीव जॉन मार्स यांनी कंपनीच्या अर्थतज्ज्ञांना नफ्याची योग्य पातळी कोणती असं विचारलं, आणि त्यातून माणसं, निसर्ग आणि पैसा एकत्र मोजण्याचं काम सुरू झालं. प्रश्न योग्य होता. नोकरीच्या मुलाखतीत त्याचं उत्तर मागायला उमेदवाराने संकोचू नये.

तिथे काम करताना

कॅलेंडर आधी समजून घ्या. मार्समध्ये वर्षाचे बारा महिने नसतात, चार-चार आठवड्यांचे तेरा पिरियड असतात. प्रत्येक पिरियडमध्ये चार रविवार, म्हणून तुलना सरळ होते. तेरा चोक बावन्न आठवडे, म्हणजे ३६४ दिवस. उरलेला दिवस साचत जातो आणि काही वर्षांनी एक आठवडा जास्त घालावा लागतो. आपल्याकडे घोळ दोन ठिकाणी होतो. एक, कायद्याचं आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं आणि जीएसटीचे विवरण महिन्याचे, त्यामुळे अकाउंट्सला दोन हिशेब जुळवत बसावे लागतात. दोन, दिवाळी. जानेवारीपासून मोजलं तर २०२३ चं १२ नोव्हेंबरचं लक्ष्मीपूजन बाराव्या पिरियडमध्ये पडतं, २०२४ चं १ नोव्हेंबरचं अकराव्यात. वितरकाकडे माल तर त्याआधी तीन-चार आठवडे पोचलेला असतो. गेल्या वर्षीच्या त्याच पिरियडशी तुलना करून ‘विक्री पडली’ असं म्हणणारा नवा एरिया मॅनेजर इथेच फसतो. दिवाळीआधीचे आठ आठवडे एका वर्षाचे दुसऱ्या वर्षाशी ताडून बघावेत.

शेअर मिळतील ही आशा ठेवू नका. कंपनी कुटुंबाची आहे, पगार आणि बोनस रोखीत. यंत्र मागताना ‘जुनं झालं’ हे कारण चालत नाही. आजची बदलीची किंमत, वाचणारा माल किलोत आणि मोकळी होणारी जागा चौरस फुटांत मांडा. गोदाम मागत असाल तर आधी आहे त्या गोदामातला तीन पिरियड न हललेला माल दाखवा.

बाहेरून अभ्यास करणाऱ्यासाठी तिमाही निकाल नाहीत, पण भारतातल्या कंपनीचे कागद मिळतात. कॉर्पोरेट व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर मार्स इंटरनॅशनल इंडिया प्रायव्हेट लिमिटेडचं नाव शोधा, १०० रुपये भरा आणि एओसी-४ अर्जासोबतचा ताळेबंद उतरवून घ्या. स्थिर मत्तेच्या (जमीन, इमारत, यंत्रं) टिपणात मूळ किंमत आणि साचलेला घसारा दिलेला असतो. घसारा मूळ किमतीच्या निम्म्यावर गेला असेल तर यंत्रं जुनी आहेत आणि पुस्तकी परतावा फुगलेला आहे असं धरा, मग मूळ किमतीत यंत्रसामग्रीची आजवरची भाववाढ मिळवून स्वतःचा छेद बांधा. पुढे संबंधित पक्षांशी झालेल्या व्यवहारांचं टिपण उघडा. रॉयल्टी, तांत्रिक सेवा आणि परदेशातल्या भगिनी कंपन्यांकडून घेतलेला माल यांच्या रकमा तिथे असतात. त्या अंशातून आधीच वजा झालेल्या असतात. त्या बाजूला काढून ठेवल्याशिवाय खेडच्या लाईनचा परतावा आणि दुसऱ्या देशातल्या लाईनचा परतावा शेजारी मांडू नका.